अकरा महिन्यांचा गाळा

२ जानेवारी

मिरचीच्या व्यापाऱ्याने नव्या वर्षाची डायरी दिली. मी म्हटलं, डायरी कशाला, पोत्यामागं भाव कमी कर. तो हसला आणि डायरीच दिली. साक्षी म्हणाली, "आई, राग आला की ह्यात लिहीत जा. गिऱ्हाइकाला बोलू नगंस." पोरगी बी.कॉम.ला काय गेली, आईला शिकवायला लागली. पण खोटं नाही बोलली. मागच्या हंगामात माझ्या तोंडापायी बऱ्याच बायका गांधीनगरच्या कांडपावर गेल्या.

पहिल्या पानावर नाव-पत्ता लिहायची जागा आहे. लिहिलं: पारूबाई, साक्षी चटणी कांडप, उचगाव. वाचून बरं वाटलं. धंदा मिरची कुटायचा. फेब्रुवारीच्या मध्यापासून मे सरेपर्यंत बायका वर्षाची चटणी करून घेतात, तेवढ्यात आमचं वर्ष निघतं. बाकीचे महिने हळद, धने आणि माश्या.

१४ जानेवारी, संक्रांत

वर तिळगूळ द्यायला गेले. गाळ्याच्या वरच्या मजल्यावर आमचे मालक राहतात. मालक म्हणजे आता गोमटेश. त्याचे वडील आण्णा होते तोवर भाड्याचा कागदच नव्हता. मशीन बसवलं त्या दिवशी आण्णा म्हणाले होते, "तू खाली कुटत ऱ्हा, आमी वर हाय. तुला जा म्हणणारं कोण न्हाय." आण्णा गेल्यावर गोमटेशने अकरा महिन्यांचे करार चालू केले. हार्डवेअरचं दुकान चालवतो, त्याला सगळं कागदावर लागतं.

अक्काताई, म्हणजे गोमटेशची आई, पलंगावर बसून होत्या. बाहेर छान ऊन आणि खोलीची खिडकी गच्च बंद. मी म्हटलं, "अक्का, खिडकी उघडू का?"

"नगं गं. ऱ्हाऊ दे."

एवढं बोलायला मध्ये थांबल्या. वय झालं आता. टेबलावर एक पांढरं यंत्र होतं, त्याला नळी आणि नाकातोंडावर धरायची प्लॅस्टिकची वाटी. आदितीचं असणार, गोमटेशच्या बायकोचं. आजकालच्या पोरी तोंडाला वाफ घेतात, गोरं व्हायला. घरात पैसा असला की असलं सुचतं.

"हंगाम कवा धरतीस?" अक्कांनी विचारलं.

"फेब्रुवारीच्या मधे. पहिला घाणा तुमचाच की."

त्या हसल्या आणि माझा हात जरा वेळ धरून ठेवला. दरवर्षी उखळं कढत पाण्याने धुऊन पहिला घाणा अक्कांचा निघतो. त्यांच्यात कांदा-लसूण चालत नाही, आणि एकदा लसूण कुटला की उखळाचा वास पुढच्या वर्षापर्यंत हटत नाही. त्या घाण्याचे पैसे मी घेत नाही. दिवाळीला वरून साडी येते. त्याबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही.

२७ जानेवारी

आज गोमटेश खाली आला. एरवी आला की "पारूताई, चा झाला का?" विचारतो. आज उभ्याउभ्याच बोलला.

"करार फेब्रुवारीअखेर संपतोय. फुडं ऱ्हायाचं आसंल तर भाडं पंधरा हजार. जमणार नसंल तर गाळा मोकळा करून द्या. महिनाभर आधी सांगायचं कागदात हाय, म्हणून सांगितलं."

आता सात हजार देते. दर करारात दहा टक्के वाढतं, ते मी कुरकुर न करता देत आले. मला वाटलं चेष्टा करतोय. म्हटलं, "दादा, पंधरा? मी सोनं कुटतीया व्हय?"

हसला नाही. नोटिशीचा कागद त्याने मशीनच्या कडेला ठेवला, परत उचलला, त्यावरची पूड झटकली आणि माझ्या हातात दिला. माझ्याकडे बघतच नव्हता. वर छताकडे बघत होता.

"अक्कास्नी ठावं हाय का ह्ये?"

"त्यास्नी ह्यात घालू नका, पारूताई." आणि गेला.

हा पोरगा शाळेतून येऊन माझ्या गाळ्यात शेंगदाणे खात बसायचा. आण्णांचा जीव गेला आणि घरातली माणुसकीपण गेली. पंधरा हजार! बापाचा शब्द पोराला एवढा जड झाला होय!

२९ जानेवारी

बांगड्यावाली अंबूबाई शेजारीच बसते, तिला सगळं ठाऊक असतं. ती म्हणाली, मोबाईलच्या दुकानवाला गाळे बघत फिरतोय, त्यानेच जास्त सांगितलं असेल. असेल. मिरचीपेक्षा मोबाईल बरा, भाडं देतो आणि ठसका लावत नाही.

साक्षीचं वेगळंच. ती म्हणाली, "आई, तुला कळत न्हाय. आपलं आडनाव आता खुपाय लागलंय त्यांना." मी तिच्यावर ओरडले. वरच्या घरात मी आतल्या खोलीपर्यंत जाते, त्यांच्या कपातून चहा पिते, अक्का माझ्या हातची चटणी वर्षभर खातात. जयंतीला आण्णा स्वतः हार घेऊन यायचे. पण तिचं बोलणं रात्रभर डोक्यात राहिलं. एकदा असा संशय आला की जुन्या चांगल्या गोष्टीपण उकरून बघाव्याशा वाटतात, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

माझा नवरा, दादासो, फौंड्रीत असतो. भट्टीजवळ आयुष्य गेलं, पण माणूस थंडगार. जेवताना एवढंच म्हणाले, "अक्का लई खोकत हुत्या परवा. जिन्यात ऐकाय आलं."

मी म्हटलं, आपल्या घराला आग लागलीय आणि तुम्ही त्यांचा खोकला सांगा.

२ फेब्रुवारी

कसबा बावड्याला कोर्टाजवळ एका वकिलाकडे गेले. दादासोंनी सुट्टी काढली. वकील तरुण होता, मला मावशी म्हणाला, म्हणून आशा वाटली. त्याने करार वाचला, नोटीस वाचली.

"मावशी, ह्यात चुकीचं काही नाही. मुदत संपते, त्यांनी महिनाभर आधी सांगितलं. पुढं द्यायचा का नाही, त्यांची मर्जी."

"पण दहा टक्के वाढ ठरल्याली हाय की."

"ती जुनी बोली. नवा करार म्हणजे नवी बोली. ते पंधरा म्हणतील न्हायतर पन्नास म्हणतील. आणि मुदत संपल्यावर बसून राहिलात तर दुप्पट भाडं भरायची पाळी येईल, ते वेगळंच."

मग त्याने बोटांवर महिने मोजत एक गोष्ट दाखवली, ती ऐकून माझं डोकंच फिरलं. आमचा पहिला करार जूनमध्ये झाला होता, हंगाम संपल्यावर. अकरा महिन्यांचा, म्हणून एप्रिलअखेर संपला. पुढचा मार्चअखेर. हा फेब्रुवारीअखेर. दर खेपेला कागद एक महिना मागे सरकत आला आणि आता बरोबर हंगामाच्या तोंडावर येऊन बसला. जूनमध्ये मला काढलं असतं तर पावसाळाभर दुसरी जागा शोधली असती. आता काढलं तर वर्ष बुडालं.

"तुमच्या ध्यानात आलं नाही?" वकील म्हणाला.

कसं येणार? सगळं जग अकरा महिन्यांचा करार करतं, मीही केला. यंत्रावर अंगठा ठेव म्हटलं की ठेवला. येताना बसमध्ये दादासो म्हणाले, "गोमटेशच्या बी ध्यानात आलं नसंल." ह्या माणसाला सगळे देवमाणूसच दिसतात.

८ फेब्रुवारी

चार दिवस गाळे बघत फिरले. नुसता गाळा मिळून भागत नाही. कांडपाला तीन फेजची वीज लागते, मशीन बसवायला काँक्रीटचा पाया लागतो. नवा मीटर यायला किती दिवस लागतील ते वीज कंपनीच्या माणसालाही सांगता आलं नाही. तरी फिरले.

पहिल्या ठिकाणी मालकाने सगळं नीट ऐकलं आणि शेवटी आडनाव विचारलं. सांगितलं. म्हणाला, भावाला विचारून कळवतो. असलं 'कळवतो' मी जन्मभर ऐकत आले आहे. पुन्हा विचारायलाही गेले नाही.

दुसरीकडे एक म्हातारा होता, त्याने आडनाव नाही विचारलं. कांडप म्हटल्यावर हातच जोडले. "न्हाय बाई. वर सुना-नातवंडं ऱ्हात्यात माझी. मिरचीचा खकाणा वर चढतुया. त्यांनी दिसभर खोकत बसायचं काय?"

मला राग आला. म्हटलं, "आमच्या अक्काताई इतकी वरसं वर ऱ्हात्यात. एक शब्द काढला न्हाय कवा."

"भल्या हायत मग," म्हातारा म्हणाला.

तिसऱ्या, चौथ्या ठिकाणी तेच. सगळ्यांना चटणी पाहिजे, कांडप दुसऱ्याच्या दारात पाहिजे.

१५ फेब्रुवारी

आज हंगाम धरला. जायचं की राहायचं ठरलेलं नाही, पण मशीन रिकामं ठेवून तरी काय करू? सकाळी उखळं कढत पाण्याने धुतली आणि अक्कांच्या मिरच्यांची वाट बघत बसले. दरवर्षी आदिती डबा घेऊन येते. ब्याडगी जास्त, थोडी संकेश्वरी, धने, तीळ, खोबरं, सगळं भाजून. ह्या वर्षी आलीच नाही. दहा वाजले, अकरा वाजले. बायका ताटकळल्या. शेवटी मी हाक मारली, "आदिती, अक्कांचा घाणा!"

ती खिडकीत आली, तोंडाला ओढणी लावून. "ह्या वर्साला नको म्हणल्यात, मावशी. तुम्ही चालू करा."

आणि खिडकी लावून घेतली. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर!

दुसऱ्या कुणाचातरी लसणाचा घाणा पहिला घातला. भाडं वाढवलं ते एक वेळ समजून घेईन, धंदा आहे. पण घाणा नाकारला तो मात्र मनाला लागला. ओढणी लावून बोलली माझ्याशी! साक्षी म्हणते ते खरं असेल का? मुसळांच्या आवाजात माझं रडणं कुणाला ऐकू गेलं नाही. मिरचीच्या गाळ्यात डोळे सगळ्यांचेच लाल असतात.

१९ फेब्रुवारी

आज मान खाली घालून वर गेले. बाहेरच्या खोलीतच गोमटेशला म्हटलं, दहा घे. अकरा घे. हंगाम सरू दे, मग जूनमध्ये मी आपणहून जाते.

जून म्हटल्यावर त्याने डोळे मिटले. "जून लई लांब हाय, पारूताई."

"कुणासाठी लांब? मोबाईलवाला थांबना व्हय?"

"कसला मोबाईलवाला?"

साळसूदपणा बघा. मी म्हटलं, "माझ्यात काय खोट दिसली ती तोंडानं सांग. भाडं चुकवलं? भांडण केलं? जात आडवी आली?"

जात म्हटल्यावर तो ताडकन उभा राहिला. एवढा मोठा गडी, पण डोळ्यांत पाणी आलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि आतल्या खोलीच्या दाराकडे बघून मिटलं. "पंधरा न्हायतर गाळा मोकळा. दुसरं मी काय बोलू शकत न्हाय."

डोळ्यांत पाणी आणून पंधरा मागणारा माणूस पहिल्यांदा बघितला.

२३ फेब्रुवारी

सगळा विचार केला. पंधरा द्यायचे म्हटलं तर कुटण्याचा दर वाढवावा लागेल आणि पावसाळ्यात पोटाला चिमटा. नाही द्यायचे म्हटलं तर मशीन अंगणात ताडपत्रीखाली आणि साक्षीचं शिक्षण बंद. दादासो म्हणाले, "सोडून देऊया. मी डबल ड्युटी करतो." त्यांची पाठ मी रोज चोळते, मला माहीत आहे ती किती ड्युटी करेल.

हातातले सोन्याचे बिलवर गहाण टाकले. हात हलके वाटतात. मनगटावर पांढरा पट्टा उमटलाय, इतकी वर्षं काढलेच नव्हते.

दुपारी वर गेले आणि म्हटलं, "दिले पंधरा. कागद करा."

मला वाटलं होतं गोमटेश खूश होईल. तो खुर्चीतच बसून राहिला. "परवडंल तुमास्नी?"

"परवडवीन."

"पारूताई, ईचार करा. लई हुत्यात. मी तुमच्या जागी असतो तर न्हाय घेतला असता."

स्वतःच मागतो आणि स्वतःच लई म्हणतो! मी म्हटलं, तुझा शब्द होता, मी पुरा केला, आता तू फिरतोस काय? तो आदितीकडे बघायला लागला, आदिती जमिनीकडे. मग आतून अक्कांचा आवाज आला. खोल गेलेला, थांबून थांबून.

"गोमू... दे तिला. आण्णांनी... शबूद दिलाय."

बघा! पोरगा कितीही लोभी असला तरी आईपुढे त्याचं काही चाललं नाही. अक्का अजून माझ्या आहेत. जिना उतरताना पायांत जोर आला होता.

२ मार्च

अंगठे झाले. पुन्हा अकरा महिने. जानेवारीअखेर संपणार. ह्या खेपेला मी मोजलं. बारा महिन्यांचा करा म्हटलं तर एजंट म्हणाला, असं कुणी करत नाही. गोमटेशने अंगठा ठेवला तो तीनदा उमटला नाही, घामाने ओला होता.

११ मार्च

लिहायला वेळ नाही. बायकांची रांग रस्त्यापर्यंत. दर वाढवला म्हणून कुरकुरतात, पण येतात. माझ्या चटणीचा रंग गांधीनगरला येत नाही. आज एका बाईला बोलणार होते, साक्षीची आठवण काढून तोंड मिटलं.

वरच्या खिडक्यांवर आदितीने चादरी लावल्यात, ओल्या. दिवसातून दोन-तीनदा भिजवते, पाणी खाली गिऱ्हाइकांच्या डोक्यावर ठिबकतं. उन्हाळा वाढलाय, गारव्यासाठी असेल. मी सांगितलं, बाई, पिळून तरी लाव. ती "व्हय मावशी" म्हणाली आणि पिळून लावायला लागली.

१८ मार्च

दादासो रात्रपाळी करून आले आणि सकाळी गाळ्यात बसले. जरा वेळाने म्हणाले, "दुपारच्याला दोन तास मशीन बंद ठेवूया का?"

"कशापायी?"

"वरच्यांस्नी जरा..."

मी पुढे बोलू दिलं नाही. पंधरा हजार भाडं घेतात, वर दोन तास फुकट पाहिजेत? ते उठून घरी गेले. जाताना जिन्यापाशी थांबून वर बघत उभे राहिले होते. मला ह्या माणसाचं कळत नाही.

२४ मार्च

अक्काताई कुरुंदवाडला गेल्या, लेकीकडे. भाग्यश्रीचं घर नदीकडेला आहे, गार हवा, मोठं आंगण. चार दिवस बदल झाला तर बरंच. मला आधी कुणी सांगितलं नाही. गाडी दाराशी आली तेव्हा माझा घाण्यावर घाणा चालू होता. गोमटेशने त्यांना जवळजवळ उचलूनच आणलं. तोंडावर ओला पंचा. मी हातानेच विचारलं, कुठं? मशीनपुढे आवाज पोचत नाही. अक्कांनी गाडीतून हात वर केला. काच बंद होती.

मशीन थांबवून जायला हवं होतं. पण तीन बायका घाई करत होत्या. येतील की महिन्याभरात.

५ एप्रिल

आज जे झालं ते सगळं लिहिणार आहे.

भाडं द्यायला वर गेले. दर वेळी गोमटेश खाली येऊन घेतो, ह्या वेळी आलाच नाही, म्हणून मीच गेले. आदिती एकटी होती. म्हटलं, अक्कांची खोली उघडी दिसते, झाडून देऊ का? आणि आत गेले. ती नको म्हणेपर्यंत मी आत होते.

खिडकीच्या फटींत वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, चारी बाजूंनी. दाराच्या खालच्या फटीत जुनी साडी कोंबलेली. खिडकीवरची चादर वाळून कडक झाली होती आणि तिच्यावर लाल थर बसला होता. मी बोट लावून बघितलं. ती मिरचीची पूड ओळखायला मला वेळ लागला नाही, आयुष्यभर अंगावर घेऊन फिरते. ते पांढरं वाफेचं यंत्र टेबलावर नव्हतं. त्याच्या जागेवर औषधांच्या रिकाम्या कुप्या होत्या.

"अक्का कवा येणार?" मी विचारलं.

"पाऊस लागल्यावर. तुमचा हंगाम सरला की आणायचं अत्तीस्नी." सासूला ती अत्ती म्हणते. मग तिला कळलं आपण काय बोलून गेलो, आणि ती रडायलाच लागली.

अक्कांचा श्वासाचा त्रास दोन वर्षांपासून आहे म्हणे. डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं होतं, एक तर मिरची इथून हलवा, न्हायतर ह्यांना हलवा.

"मग मला सांगायचं न्हाय व्हय गं?"

"अत्तींनी शपथ घातलेली. म्हणाल्या, पारूला जा म्हणायचं न्हाय, आण्णांचा शबूद हाय. तिला कळलं तर ती आपणहून जाईल आणि तिचं वर्स बुडंल. मग ह्यांनीच ठरवलं, भाडं एवढं सांगायचं की तुम्हीच नको म्हणशीला. जा म्हटल्यागत न्हाय आणि शपथ बी मोडत न्हाय. तुम्ही हो म्हणशीला असं आमास्नी वाटलंच न्हवतं, मावशी."

मी पलंगाच्या कडेला बसले. जून लई लांब हाय, म्हणाला होता तो. मी त्याला मोबाईलवाल्यावरून बोलले, जातीवरून बोलले. त्या म्हाताऱ्याने गाळा नाकारताना तोंडावर सांगितलं होतं आणि मी त्याच्याशी भांडून आले. दादासोंना ठाऊक होतं, निदान वास आला होता. मी ऐकून घेतलं नाही.

आदितीने भाड्याचं पाकीट उघडलं, सात हजार मोजून घेतले आणि बाकीचे माझ्या हातात कोंबले. "हे म्हणालेत, जुनंच भाडं घ्यायचं. आता वाढीव घेऊन काय करायचं?"

जानेवारीपासून मी ह्याचसाठी तडफडत होते. भाडं कमी झालं आणि मला हुंदका आवरेना.

६ एप्रिल

मशीन बंद ठेवलं. सगळ्या बायकांना परत पाठवलं. दादासोंना सगळं सांगितलं, ते "हं" म्हणाले. मग म्हणाले, "तुला मी सांगाय पायजे हुतं. तू चिडतीस म्हणून..." आणि थांबले.

म्हटलं, गाळा सोडते. साक्षी म्हणाली, कुठं जायचं? वीज नाही, पाया नाही, जागा नाही. बिलवर सोडवायचे आहेत. आणि आता तू सोडलास तरी अक्का उद्याच थोड्याच बऱ्या होणार आहेत? पोरीचं सगळं बरोबर होतं. तिच्या बरोबर असण्याचाच राग आला, पण कुणावर काढणार? दिवसभर गाळ्यात बसले. कुणीतरी विचारायला येई, आज बंद का, आणि मी हातानेच परत पाठवत असे.

७ एप्रिल

मशीन चालू केलं. दुसरं काय करू?

गोमटेश दुकानाला जाताना दारात थांबला. बोलायचं होतं दोघांनाही. तो म्हणाला, "चा झाला का, पारूताई?" मी म्हटलं, "व्हय, दादा." तो गेला.

१९ एप्रिल

वरच्या चादरी आता कुणी भिजवत नाही. मीच कधीतरी जिन्यातून वर बघते. खिडकी उघडी असते. जिच्यासाठी बंद ठेवायची तीच तिथे नाही.

आज कुरुंदवाडहून फोन आला. नंबर भाग्यश्रीचा. बोलायला अक्काताई.

मी गडबडीने मशीनच्या बटणाकडे हात नेला, ऐकू यावं म्हणून. म्हटलं, "अक्का, जरा थांबा, मशीन बंद करते."

"नगं गं." श्वास. "चालू दे." पुन्हा श्वास. "इथं लई... शांत हाय. झोप लागत न्हाय."

माफी मागायची होती, किती दिवस मनात जुळवत होते. बटणावरचा हात तेवढा मागे घेतला.

"धंदा कसा हाय?"

"बरा हाय, अक्का."

"मग झालं." श्वास. "जवळ धर फोन. आवाज... येऊ दे."

मी फोन उखळाजवळ धरला. मुसळं पडत होती, एक वर, एक खाली. बायका बघत होत्या, पारूला काय झालं म्हणून. तिकडून भाग्यश्री "बास आता आई, दमलीस" असं काहीतरी म्हणाली असेल, मला नीट ऐकू आलं नाही. फोन कधी बंद झाला तेही कळलं नाही. मी तो तसाच धरून उभी होते, आणि घाणा संपेपर्यंत मशीन चालूच होतं.